तीच समजूत

१९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि वर्षभरात त्यातील ५६ गीते घरोघरी पोचली. त्यांतले एक चित्रकूटावरचे. परत न्यायला आलेल्या भरताची राम समजूत घालतो. समुद्रात दोन लाकडे जवळ येतात आणि दुरावतात. माणसांचेही तसेच, हा वाल्मीकींचा दृष्टान्त माडगूळकरांनी त्यात घेतला.

रेडिओपुढे बसलेल्या आम्हां मुलांना एकच चिंता: राम परत येणार की नाही? वडील मात्र डोळे टिपीत. आदल्याच वर्षी त्यांचा धाकटा भाऊ गेला होता. पण त्याचा गाण्याशी संबंध आम्हांला काय कळणार?

सुधीर फडके तेव्हा पस्तिशीतले. पुढे ते गीत ते वर्षानुवर्षे गात राहिले. १९७७ साली माडगूळकर गेले. शब्द तेच, चाल तीच. पण आता गाणारा स्वतःचीच समजूत घालतो आहे, असे ऐकताना वाटे. २००२ साली फडकेही गेले.

आता माझाही धाकटा भाऊ नाही. ते गीत लागले, की मनात येते, वडिलांना तेव्हा एकदा विचारायला हवे होते: अशी समजूत खरेच पटते का हो?