पहिलं वर्ष (भाग ४) : आधी गल्ली, मग ॲप

कल्पना सुचली की नवा उद्योजक पहिली चौकशी करतो ती ॲप कोण बनवून देईल याची. मग नाव, मग लोगो. गिऱ्हाईक कोण, ते आज हे काम कसं भागवतं आणि त्यासाठी किती पैसे मोजतं, हे प्रश्न बहुतेकदा ॲप तयार झाल्यावर समोर येतात. तोवर घरच्यांनी विश्वासाने दिलेले दोन-तीन लाख रुपये संपलेले असतात. कल्पना कशी पारखायची, हाताशी किती पैसे ठेवायचे आणि नोकरी कधी सोडायची, हे गेल्या तीन भागांत पाहिलं. आजचा भाग कोडची पहिली ओळ लिहिण्याआधीच्या महिन्याभराचा आहे.

एकच उदाहरण धरून चालू. समजा, तुम्ही परळला राहता आणि लालबागच्या मसाल्याच्या बाजारासाठी तुम्हाला डिजिटल सेवा काढायची आहे. उन्हाळा लागला की पावसाच्या आत वर्षाचा मसाला करून ठेवायची घाई सुरू होते. गिरणगाव सोडून विरार-बदलापूरला राहायला गेलेली घरंही मसाल्यासाठी लालबागलाच येतात. रंगाला ब्याडगी आणि काश्मिरी, तिखटाला लवंगी, शिवाय धणे, दगडफूल, नागकेशर, चक्रीफूल, हळकुंडं. सगळं निवडून, भाजून घ्यायचं आणि डंखावर कांडायला द्यायचं. तिथे ही रांग. ती पाहून तुम्हाला वाटतं, सापडला प्रश्न! घरबसल्या ॲपवर नंबर लावायचा, वेळ झाली की मेसेज येणार. कागदावर कल्पना झकास आहे.

आता लॅपटॉप घरी ठेवा आणि आठवडाभर सकाळी त्या गल्लीत जाऊन उभे राहा. एखाद्या बाईचा नंबर यायला अजून तासभर आहे, ऊन तापलंय, तरी ती तिथून हलत नाही. का, ते तिलाच विचारा. आपली मिरची आपल्या डोळ्यांसमोर कुटली जावी, आधीच्या गिऱ्हाइकाचा उरलेला मसाला आपल्यात येऊ नये, पारखून घेतलेलं नागकेशर दुसऱ्याच कोणाच्या पिशवीत जाऊ नये, म्हणून ती उभी आहे. रांगेचा त्रास होतोच, पण तिची खरी अडचण भरवशाची आहे. नंबर देणारं ॲप हातात दिलंत तरी ती गल्लीत येणारच. आणि यायचंच असेल तर ॲपला पैसे कशाला देईल? त्यापेक्षा वजनकाट्यापासून पिशवीला सील लागेपर्यंतचा व्हिडिओ तिच्या व्हॉट्सॲपवर गेला आणि तिच्या नावाची पिशवी घरपोच झाली, तर बदलापूरहून यायची तिला गरज उरणार नाही. कल्पना तीच, बाजार तोच, पण धंदा पार वेगळा झाला. गल्लीत उभं राहिल्याशिवाय हा फरक कळत नाही.

दुसरा टप्पा हाताने काम करण्याचा. पहिल्या पंचवीस गिऱ्हाइकांना ॲप लागत नाही. व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे, यूपीआयचा क्यूआर कोड मिळायला फार वेळ लागत नाही आणि वही घरात असते. ऑर्डर फोनवर घ्या, गल्लीत स्वतः उभे राहा, व्हिडिओ स्वतः काढा, पिशवी स्वतः नेऊन द्या. प्रत्येक ऑर्डरनंतर वहीत लिहायचं: किती वेळ गेला, कुठे अडलं, गिऱ्हाइकाने न विचारता काय सांगितलं, आणि पैसे देताना घासाघीस केली का. ॲपमध्ये कोणती बटणं हवीत आणि कोणती नकोत, हे त्या वहीतून निघतं. विको हे नाव आज घरोघरी आहे. १९५२ साली केशव विष्णु पेंढरकरांनी परळच्या आपल्या घरात ही कंपनी सुरू केली, तेव्हा वज्रदंतीची पूड दारोदार फिरून विकली जात होती. दारात उभं राहिलं की लोक कुठल्या शब्दावर नाक मुरडतात आणि कुठल्या शब्दावर पाकिटात हात घालतात, हे समोरच दिसतं. आजचा नवउद्योजक जाहिरातीच्या आकड्यांवरून तेच शोधतो, पण बऱ्याच उशिरा आणि महागात.

तिसरा टप्पा हिशेबाचा. एका ऑर्डरचा हिशेब लिहून पाहा. आकडे समजुतीपुरते धरले आहेत. पाच किलो मसाला, किलोमागे तुमचे ५० रुपये, म्हणजे २५० रुपये जमा. घरपोच पाठवायला १२०, पिशवी, सील आणि खोकं ४०, गल्लीत उभ्या राहणाऱ्या माणसाचे ६०. उरले ३०. आता हे गिऱ्हाईक मिळवायला इन्स्टाग्रामवर माणशी १०० रुपये खर्च केलेत, तर प्रत्येक नव्या ऑर्डरमागे ७० रुपयांचा खड्डा. ‘प्रमाण वाढलं की भरून निघेल’ हे वाक्य इथे हमखास ऐकू येतं. प्रमाण वाढलं की खड्डाही वाढतो. वरून मसाला वर्षातून एकदाच होतो, म्हणजे हेच गिऱ्हाईक परत यायला बारा महिने थांबायचं. म्हणून पहिल्याच महिन्यात विचारायला हवं की भरवसा बसलेल्या त्याच घराला दर महिन्याला काय पुरवता येईल. थालीपीठाची भाजणी, मेतकूट, घावनाचं पीठ? ज्या धंद्यात गिऱ्हाईक वर्षातून एकदा येतं, त्याला एकतर नफा मोठा लागतो किंवा जोडीला दुसरा माल.

भरवशाची किंमत मोठ्या कंपन्यांनाही मोजावी लागली आहे. लोअर परळच्या सन मिल कंपाउंडमधल्या वासन उद्योग भवनात ऑनलाइन सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्या ‘नायका’ कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय आहे. फाल्गुनी नायर यांनी बँकिंगमधली मोठी नोकरी सोडून २०१२ मध्ये ही कंपनी काढली, तेव्हा त्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर होत्या. ऑनलाइन सौंदर्यप्रसाधनं घेताना मनात पहिली शंका येते ती माल नकली असण्याची. विक्रेते आणि ग्राहक यांची नुसती गाठ घालून देणं स्वस्तात पडलं असतं. तरी नायकाने ब्रँडकडून माल स्वतः घेऊन स्वतःच्या गोदामातून पाठवण्यावर भर दिला. त्यात पैसा अडकतो, गोदामं लागतात, न खपलेला माल अंगावर पडतो. १० नोव्हेंबर २०२१ रोजी कंपनी शेअर बाजारात आली आणि पहिल्याच दिवशी तिचं मूल्य एक लाख कोटी रुपयांच्या वर गेलं. नवख्यांना हा आकडा पाठ असतो, पण शिकायचं ते गोदामाच्या निर्णयातून. ग्राहकाला ज्याची भीती वाटते ते काम कंपनीने स्वतःच्या हातात ठेवलं. आपल्या उदाहरणात ती जागा डंखाशेजारची आहे. वेबसाइट बाहेरून करून घ्या, पण तिथला माणूस तुमचाच हवा.

आता कायद्याकडे. इथे पहिला प्रश्न एकच : तुम्ही नक्की कोण? विकोची उत्पादनं औषधं की सौंदर्यप्रसाधनं, यावर उत्पादन शुल्क खात्याशी वाद झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि विकोच्या बाजूने निकाल लागेपर्यंत दोन दशकांहून अधिक काळ गेला. इतकी वर्षं कज्जा लढण्याची ताकद नव्या धंद्यात नसते, म्हणून स्वतःची जागा आधीच ठरवून घ्यावी. तुम्ही स्वतःचा माल महाराष्ट्रातच विकत असाल, तर वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर जाईपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. सेवा देत असाल तर ही मर्यादा २० लाखांची. पण मालाचं एक पार्सल बेळगावच्या मावशींना किंवा मडगावच्या काकांना पाठवलंत की राज्याची हद्द ओलांडली, आणि करपात्र मालाच्या बाबतीत ती सवलत संपली. दुसऱ्या दुकानदारांचा माल तुमच्या ॲपवरून विकून पैसेही तुम्हीच गोळा करणार असाल, तर तुम्ही ई-कॉमर्स ऑपरेटर ठरता. मग उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी करावीच लागते आणि विक्रीवर टीसीएस कापून भरावा लागतो. जुलै २०२४ पासून त्याचा दर अर्धा टक्का आहे. पहिल्या विक्रीच्या आधी सीएकडे तासभर बसा. त्याची फी दंडापेक्षा नक्कीच कमी असते.

दुकानदाराचे पैसे तुमच्या बचत खात्यात जमा करून आठवड्याने त्याला देणं सोयीचं वाटतं, पण ते करू नका. दुसऱ्यांसाठी पैसे गोळा करून वळते करणाऱ्यांसाठी रिझर्व्ह बँकेचे पेमेंट ॲग्रिगेटरचे नियम आहेत. परवानाधारक ॲग्रिगेटरकडे पैसे परस्पर वाटून देण्याची सोय असते, ती घ्या. मसाला तुमच्या नावाने विकणार असाल तर एफएसएसएआयची नोंदणी आणि तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर लागतो.

मराठीतून सेवा देणाऱ्यांना एक खर्च हमखास चकवतो, तो एसएमएसचा. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० चिन्हं मावतात, देवनागरीत फक्त ७०. त्यात काना, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडणारा हलन्त ही प्रत्येकी वेगळी चिन्हं धरली जातात. ‘नमस्कार, तुमचा मसाला कांडून तयार आहे. संध्याकाळी ६ ते ८ दरम्यान घरी पोहोचेल.’ मोजून पाहा, ७६ भरतात, म्हणजे पैसे दोन एसएमएसचे. ‘नमस्कार’, त्यामागचा स्वल्पविराम आणि मोकळी जागा काढली की मजकूर ६७ वर येतो आणि एकात बसतो. वर्षाला दहा हजार मेसेज पाठवणाऱ्याला हा नमस्कार चांगलाच महागात पडतो. शिवाय असे मेसेज पाठवण्याआधी ट्रायच्या नियमांनुसार डीएलटी यंत्रणेवर तुमची आणि मजकुराच्या नमुन्याची नोंदणी करावी लागते. ॲपचं उद्घाटन ठरवून मग ओटीपी का जात नाही म्हणून धावाधाव करणारे पुष्कळ असतात. हे काम दोन-तीन आठवडे आधीच उरका.

वहीतले नंबर आणि पत्तेही सांभाळायचे असतात. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. डेटाची सुरक्षा नीट न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मसाल्यासाठी घेतलेला नंबर ओळखीच्या केटरिंगवाल्याला देणं हा शेजारधर्म नाही, तो संमतीचा भंग आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करावं लागतं. सुरुवातीला हा अधिकारी तुम्हीच असाल, आणि ते बरंच आहे. तक्रारी थेट तुमच्या कानावर येतात.

नोंदणीबद्दल थोडक्यात. एकटेच असाल तर सुरुवातीला एकल मालकी पुरते. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत आहे. तिच्यासाठी फी मागणाऱ्या सारख्या दिसणाऱ्या साइट्सपासून सावध राहा. गुंतवणूकदार येणार असेल किंवा स्टार्टअप इंडियाची मान्यता हवी असेल, तर एकल मालकी चालत नाही. तेव्हा प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारीचा विचार करा. ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना दर वर्गामागे ४,५०० रुपयांत करता येतो, इतरांना ९,०००. पण नुसत्या ‘लालबाग मसाला’ या नावावर हक्क सांगायला जाऊ नका. गावा-वस्तीच्या नावावर एकट्याची मालकी सहसा मिळत नाही आणि गल्लीतला प्रत्येक दुकानदार ते नाव वापरणारच. वेगळं, उच्चारायला सोपं नाव घ्या.

या आठवड्याचा गृहपाठ : तुमच्या धंद्याची ‘गल्ली’ ठरवा, मग ती दादरचा फुलबाजार असो, परळची मूर्तिशाळा असो वा गिरगावातली खानावळ. तिथे दहा जणांशी बोला, पण तुमची कल्पना सांगू नका. ‘हे काम शेवटचं कधी केलं, कसं केलं, किती पैसे गेले’ एवढंच विचारा. ‘असं ॲप आलं तर वापराल का?’ हा प्रश्न टाळा. मराठी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही, आणि त्या होकारावर कुणाचंही कर्ज फिटलेलं नाही. दहापैकी किमान तिघांनी आगाऊ पैसे दिले, तर पुढे जा. कुणीच दिले नाहीत तरी तुमचे दोन-तीन लाख वाचले, दुसरी गल्ली शोधा.

पुढच्या आठवड्यात : मित्रच भागीदार असेल तर कागदावर काय लिहून घ्यायचं, आणि ते मैत्री टिकवून कसं लिहायचं.