अराकूची कॉफी पॅरिसला पोचली, पण दारात रोख कोण देतं?

आंध्रातल्या अराकू खोऱ्यातल्या आदिवासी शेतकऱ्यांनी सहकारी संस्था केली, एकसारखा माल काढला. 2017 मध्ये अराकूच्या नावाचं दुकान थेट पॅरिसमध्ये उघडलं, 2019 मध्ये जीआय मानांकन मिळालं. भारी ना?

पण अशा संस्थांची खरी परीक्षा तोडणीत होते. कॉफीची फळं एकदम पिकत नाहीत. लाल तेवढीच तोडायची, त्याच दिवशी गर काढायला पोचवायची. मजुरी रोजच्या रोज. व्यापारी मात्र कच्चं-पिकं सरसकट उचलतो, वर रोख देतो. संस्थेचे पैसे उशिरा आले, तर सभासद माल तिकडेच घालणार. मला तरी यात बेइमानी दिसत नाही; घर चालवायचंय त्याला.

गटाने धंदा सुरू करताय? लोगो, पॅकिंग नंतर बघू. आधी हंगामापुरतं खेळतं भांडवल बँकेकडून मंजूर करून घ्या.