लहान मोटारींतील सुरक्षितता
(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, मध्यम स्थितीच्या कुटुंबांत पहिली मोटार यावयाची असली म्हणजे घरांत जी चर्चा चालते ती आपल्या परिचयाची आहे. गाडी लिटरला किती किलोमीटर जाते, रंग कोणता घ्यावा, हप्ता किती बसेल, सामानास जागा किती, हे सर्व प्रश्न विचारले जातात. एक प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारीत नाहीं : ही गाडी कशावर आदळली, तर आंत बसलेल्या माणसांचें काय होईल? आमच्या घरींही तो कोणी विचारला नव्हता. तो विचारण्याची पाळी माझ्यावर कशी आली, तें प्रथम सांगतों.

दिवाळीच्या सुटींत आम्ही सर्व जण मुलाच्या लहान मोटारींतून साताऱ्यास निघालों होतों. दोन वर्षांची नात मागच्या आसनावर माझ्या मांडीवर होती. मीं तिला दोन्ही हातांनीं घट्ट धरलें होतें. निदान मला तसें वाटत होतें. वाटेंत एक कुत्रें आडवें आलें आणि सूनबाईनें जोरानें ब्रेक दाबला. गाडी कशावर आदळली नाहीं, कुत्रेंही वांचलें. परंतु पोर माझ्या हातांतून निसटून पुढच्या आसनाच्या पाठीवर आपटली व तिचा ओठ फुटला. पस्तीस वर्षें मुलांना गणित शिकविलेला मी मनुष्य. त्या रात्रीं कागद-पेन्सिल घेऊन बसलों.

ताशीं ५० किलोमीटर हा शहरांतला साधा वेग. म्हणजे सेकंदास सुमारें १४ मीटर. तिसऱ्या मजल्यावरून, सुमारें १० मीटर उंचीवरून, पडलेली वस्तु जमिनीस पोहोंचतांना एवढाच वेग गांठते. आतां बारा किलो वजनाचें मूल या वेगानें जात असतां गाडी एक-दशांश सेकंदांत थांबली, तर त्या मुलास आवरावयास सुमारें १७० किलोचें ओझें पेलण्याइतकें बळ लागतें. माझें राहूं द्या, पहिलवानाच्या हातांनींही तें होणें नाहीं. शिवाय वेग दुप्पट झाला कीं आघाताची शक्ति दुप्पट नव्हे, चौपट होते.

मग हा आघात सोसतें कोण? तीन वस्तु, आणि त्यांचा क्रम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

पहिली वस्तु गाडीचा सांगाडा. गाडी जितकी टणक तितकी चांगली, अशी पूर्वीं समजूत होती. मर्सिडीझ-बेंझ कंपनींतील यंत्रज्ञ बेला बारेनी यांनीं १९५१ सालीं पेटंटासाठीं जो अर्ज केला, त्यांत उलट विचार होता : गाडीचा पुढचा व मागचा भाग चुरडूं द्यावा, परंतु माणसें बसतात तो मधला भाग अभंग राहावा. आपल्याकडील असोला नारळ याच तत्त्वावर वांचतो. काथ्या दबतो आणि आघात खातो, म्हणून करवंटी शाबूत राहते.

दुसरी वस्तु सीट-बेल्ट, म्हणजे पट्टा. खांद्यावरून व कमरेवरून जाणारा आजचा तीन टोकांचा पट्टा निल्स बोलिन यांनीं व्होल्वो कंपनीसाठीं १९५९ सालीं तयार केला, आणि कंपनीनें तो इतरांसही वापरूं दिला. हा पट्टा माणसाला छातीच्या व कमरेच्या हाडांशीं धरून गाडीस बांधतो. त्यामुळें गाडीबरोबरच त्याचाही वेग उतरतो.

तिसरी वस्तु एअरबॅग. सेकंदाच्या विसाव्या-तिसाव्या भागांत ती फुगते. पण ती पट्ट्याची सोबतीण आहे, त्याच्या जागीं येणारी नव्हे. पट्टा न लावतां तिच्यावर जो फेंकला जातो, त्यास तिच्याच तडाख्यानें इजा होऊं शकते.

या क्रमाची साक्ष २०१४ सालीं मिळाली. ग्लोबल एनकॅप या संस्थेनें आपल्या देशांतील पांच लहान गाड्या, एअरबॅग नसलेल्या स्वरूपांत, ताशीं ६४ किलोमीटर वेगानें आदळून पाहिल्या : ऑल्टो ८००, नॅनो, आय-१०, फिगो व पोलो. मोठ्या माणसांच्या संरक्षणांत पांचही गाड्यांस शून्य तारे मिळाले. परंतु शून्याशून्यांत फरक होता. पोलोचा सांगाडा टिकला होता. तिलाच दोन एअरबॅगा बसवून पुन्हां परीक्षा घेतली तेव्हां तिला चार तारे मिळाले. फिगोचाही सांगाडा टिकला. उरलेल्या तिघींची करवंटीच दबली होती. तेथें एअरबॅग बसवूनही फारसा उपयोग नव्हता.

त्यानंतर कायदा पुढें सरकला. चाकें जखडूं न देणारे ब्रेक एप्रिल २०१९ पासून व चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याच वर्षींच्या ऑक्टोबरपासून प्रत्येक नव्या मोटारीस आदळण्याची परीक्षा उतरणें भाग पडलें. जानेवारी २०२२ पासून पुढच्या दोन्ही आसनांस एअरबॅग आली, आणि ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही ताऱ्यांची परीक्षा येथेंच सुरू झाली. म्हणून दुकानदारास एअरबॅगा किती एवढेंच विचारून थांबूं नका. तारे किती, ते कोणत्या सालच्या परीक्षेंत मिळाले, सांगाडा टिकला काय, आणि मुलांच्या आसनासाठीं मागें आयसोफिक्सच्या कड्या आहेत काय, हेंही विचारा.

मात्र गाडी कितीही उत्तम असली तरी आपला हिस्सा आपणांसच उचलावा लागतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत चारोटीजवळ झालेल्या अपघातांत सायरस मिस्त्री व त्यांचे सहप्रवासी मृत्यु पावले. गाडी भारी किंमतीची होती. परंतु मागें बसलेल्या या दोघांनीं पट्टे लावले नव्हते, असें पोलिसांनीं सांगितलें. पट्ट्याची घंटा बंद करण्याकरितां कुलुपांत अडकवावयाचा धातूचा खोटा तुकडा बाजारांत मिळत असे. थोड्याशा पैशांत आपण आपल्याच जिवाचा पहारेकरी मुका करतों, याहून दुर्दैव तें कोणतें?

आमच्या नातीस आतां मागच्या बाजूस तिचें स्वतंत्र आसन आहे. पहिले दोन दिवस ती रडली, आणि सौभाग्यवतीही म्हणाल्या, "आजोबांच्या मांडीला काय झालें?" मीं तो हिशेबाचा कागद त्यांच्यापुढें ठेवला. त्यांनीं तो वाचला, कांहीं बोलल्या नाहींत. परंतु पुढच्या खेपेस गाडींत बसतांच नातीच्या आधीं स्वतःचा पट्टा त्यांनींच लावला. श्रोतेहो, प्रेमानें धरलेले हात नातवंडांना गोष्टी सांगतांना पुरेसे आहेत. धांवत्या मोटारींत ते पुरत नाहींत.