कारखाना, घर आणि शाळा : एका हिशेबाच्या तीन बाजू

दिघ्याच्या चढावरील वस्तीत सकाळच्या वेळी एक देखावा नेहमी पाहावयास मिळतो. रात्रपाळी संपवून बाप घराच्या दाराशी येतो आणि त्याच वेळी मुले दप्तर घेऊन शाळेला निघालेली असतात. दोघांची गाठ पडते ती उंबऱ्यावर, आणि तीही घटकाभर. दुपारी मूल परत येते तेव्हा बाप झोपलेला असतो. घर एका खोलीचे. आई ओठांवर बोट ठेवून मुलाला गप्प बसवते. मुलाचे पाठांतर राहून जाते, भांड्यांच्या आवाजाने बापाची झोपही मोडते, आणि संध्याकाळी घरातील सर्वच माणसे थोडीथोडी चिडलेली असतात.

पुढे काय होते? त्या रात्री यंत्रापाशी उभा राहणारा कामगार अपुऱ्या झोपेने उभा राहतो. दुसऱ्या दिवशी वर्गात बसणारा मुलगा अपुऱ्या अभ्यासाने बसतो. कारखान्याच्या वहीत 'इतका माल बाद झाला' अशी नोंद होते. शाळेच्या प्रगतिपुस्तकात 'गणित कच्चे' असा शेरा पडतो. घराला तर वहीच नाही. तेथली तूट आईच्या कपाळावरील आठीत तेवढी दिसते. या तिन्ही नोंदी एकाच दिवसाच्या आहेत, हे मात्र कोणी ताडून पाहत नाही. आज आम्हाला तेच ताडून पाहावयाचे आहे.

कंपनी चांगली चालते ती कशामुळे, असा प्रश्न केला तर भांडवल, यंत्रे, कच्चा माल आणि बाजारपेठ ही नावे ताबडतोब पुढे येतात. ती खोटी नाहीत. परंतु सारखेच भांडवल आणि सारखीच यंत्रे असलेल्या दोन कारखान्यांपैकी एक भरभराटतो आणि दुसरा रखडतो, हेही आपण पाहतो. या फरकाचा पुष्कळसा भाग माणसात असतो : तो कोणत्या मनःस्थितीत कामावर येतो आणि कोणत्या स्थितीत घरी परततो, यात असतो. आमच्या मते ही स्थिती मुख्यतः तीन गोष्टींनी ठरते. उद्याची निश्चिती, पुरेसा विसावा आणि कामातला मान. गंमत अशी की, घर सुखाने नांदावयास आणि मुलाचा अभ्यास व्हावयासही नेमक्या याच तीन गोष्टी लागतात.

या विचाराला दिघ्यासारखे दुसरे योग्य ठिकाण नाही. एके काळी हा मुलूख भातखाचरांचा, मिठागरांचा आणि खाडीतील मासेमारीचा. वाफेच्या इंजिनांना पाणी पुरविण्यासाठी रेल्वेने येथे इलठणपाड्यात धरण बांधले. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने कारखान्यांची रांग उभी राहिली. तिच्या मागोमाग महाराष्ट्राच्या सर्व जिल्ह्यांतून आणि परप्रांतांतून माणसे आली. 2024 च्या जानेवारीत 'दिघा गाव' हे रेल्वे स्थानक सुरू होईपर्यंत येथील माणसाला गाडीसाठी ठाण्याला किंवा ऐरोलीला जावे लागे. कारखाना, घर आणि शाळा येथे हाकेच्या अंतरावर आहेत. म्हणून एकाचा धक्का दुसऱ्याला चटकन पोचतो.

प्रथम निश्चितीचा विचार करू. ठाण्यात जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून एक अर्ज तयार केला. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. त्यातील मागण्या आजही वाचण्यासारख्या आहेत. दर रविवारी सुट्टी असावी, दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी, आणि पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हाती पडावा. पगार वाढवा, ही मागणी त्यात पुढे नव्हती. तो ठरल्या दिवशी द्या, ही होती. कारण स्पष्ट आहे. पगार कधी होईल हे ठाऊक नसले की वाण्याकडे उधारी वाढते, व्याज चढते, आणि मुलाची फी व वह्या पुढच्या महिन्यावर जातात. रविवारची सुट्टी मिळवावयास पुढे सहा वर्षे लागली. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघाने ती मान्य केली.

निश्चिती गेली म्हणजे काय होते, याचा एक अभ्यास परदेशात झाला आहे. ऑस्ट्रियातील मारिएनथाल या गावी एकच मोठी कापडगिरणी होती. ती बंद पडल्यावर 1930 नंतरच्या काळात मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे पाहणी केली. त्यांनी शाळेतील मुलांचे डबेसुद्धा पाहिले. मदतीचे पैसे मिळण्याच्या आदल्या दिवशीचा डबा आणि नंतरच्या दिवशीचा डबा यांत मोठा फरक आढळला. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. लोकांना आता वेळच वेळ होता. तरीही गावच्या वाचनालयातून घरी जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. उद्याचा भरवसा नाहीसा झाला की मोकळा वेळही माणसाच्या उपयोगी पडत नाही. मुंबईच्या गिरणगावाने हेच पाहिले. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. कित्येकांना पुन्हा गिरणी दिसली नाही, आणि कोकणात किंवा घाटावर परतलेल्या कुटुंबांबरोबर मुलांच्या शाळाही सुटल्या.

दुसरी गोष्ट विसाव्याची. शरीराला स्वतःचे एक घड्याळ आहे आणि ते सूर्यप्रकाशावर लावलेले आहे. या घड्याळाची रचना उलगडून दाखविल्याबद्दल 2017 साली तीन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा आडवा होतो खरा, पण आतील घड्याळ त्याला उठवू पाहते. म्हणून दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा तोकडी पडते. पाळ्या बदलताना पहिलीनंतर दुसरी आणि दुसरीनंतर तिसरी असा क्रम ठेवला तर शरीराला तो त्यातल्या त्यात सोसतो. उलटा क्रम अधिक जाचतो. क्रम सुलटा ठेवण्यास मालकाला एक पैसाही खर्च येत नाही.

विसाव्याला आणखी एक बाजू आहे. औद्योगिक पट्ट्यात कित्येक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून दुसऱ्याच एखाद्या वारी असते. मुलाची सुट्टी रविवारी आणि बापाची दुसऱ्या वारी, असे झाले म्हणजे दोघांनाही सुट्टी मिळते, पण घराला सुट्टी मिळत नाही.

तिसरी गोष्ट मानाची. अमेरिकेत शिकागोजवळ हॉथॉर्न येथे टेलिफोनचे सामान करणारा एक प्रचंड कारखाना होता. तेथे 1927 पासून पाच मुलींना वेगळ्या खोलीत बसवून त्यांच्या कामाचे निरीक्षण सुरू झाले. त्या टेलिफोनच्या यंत्रातील एक छोटा भाग जुळवीत. मध्ये विश्रांती दिली, उत्पादन वाढले. कामाचे तास कमी केले, एकंदरीत उत्पादन वाढतच राहिले. शेवटी सर्व सवलती काढून घेऊन पाहिल्या, तरी ते पूर्वीच्या पातळीवर उतरले नाही. आरंभी आठवड्याला एकेक मुलगी सुमारे 2400 भाग जुळवीत असे, तो आकडा 3000 च्या आसपास गेला. आपल्याला विचारले जाते, आपल्या म्हणण्याची दखल घेतली जाते, या भावनेचा हा परिणाम असा निष्कर्ष निघाला आणि तो जगभर गाजला. पुढील अभ्यासकांनी त्यावर आक्षेपही घेतले. मुली फक्त पाचच; त्यांपैकी दोघी मध्येच बदलल्या; शिवाय मजुरी मोजण्याची रीतही बदलली होती. हे आक्षेप रास्त आहेत. गोड बोलणे हा मजुरीचा पर्याय होऊ शकत नाही, एवढा धडा त्यांतून घ्यावा.

याहून जवळचे उदाहरण अहमदाबादचे आहे. 1953 साली कॅलिको मिलच्या एका विणकाम खात्यात नवे स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन अपेक्षेइतके निघेना. 224 माग, आणि माणसांची कामे बारा प्रकारांत वाटलेली. कोण कोणाला जबाबदार, याचा पत्ता नाही. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी सुचविले की मागांचे गट पाडावेत आणि एकेक गट काही माणसांच्या तुकडीकडे सोपवावा. कोणी काय करावयाचे ते तुकडीने आपसात ठरवावे. कामगारांनी ही कल्पना उचलली आणि तुकड्या स्वतःच बनविल्या. सुरुवातीला अडचणी आल्या. पण पुढे उत्पादन वाढले आणि खराब कापडाचे प्रमाण घटले. माग तेच होते, माणसेही तीच होती. कामाची वाटणी आणि जबाबदारी मात्र बदलली होती.

आपल्याकडे या तिन्ही गोष्टी एकत्र जुळविण्याचा प्रयत्न लक्ष्मणराव किर्लोस्करांनी केला. बेळगावहून जागा सोडावी लागल्यावर औंधच्या राजेसाहेबांच्या आश्रयाने 1910 साली त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. नांगर करणारा कारखाना आणि माणसांनी राहावयाची वस्ती या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या मानल्या नाहीत. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांवर त्यांनी पहाऱ्याचे काम सोपविले, आणि अस्पृश्यतेला वाडीत थारा दिला नाही. 1920 साली तेथूनच निघालेले मासिक पुढे मराठी घराघरांत पोचले.

येथे एक शंका सहजच निघेल. घर आणि नोकरी एकाच मालकाच्या हाती असली तर नोकरीबरोबर घरही जाते. हा आधार की बेडी? शंका योग्य आहे. आणि दिघा म्हणजे किर्लोस्करवाडी नव्हे. येथे मालक एक नाही. लहानमोठे कारखाने, ठेकेदार, आणि ऐरोलीच्या बाजूस संगणकाच्या कामाची संकुले. एका कंपनीने सारा गाव सांभाळावा, असे येथे होणार नाही आणि होऊही नये. म्हणूनच भार वाटून घ्यावा लागेल.

कारखानदाराने महिन्याच्या आरंभीच पाळ्यांचा तक्ता लावावा, पगाराची तारीख चुकवू नये, आणि ठेकेदाराच्या माणसालाही तोच नियम लागू करावा. ज्याला उद्या काम आहे की नाही हेच ठाऊक नसते, त्याच्या घरात बेत कसले होणार? शाळेने पालकांची सभा कामाच्या दिवशी दुपारी बोलावू नये. रोजंदारीवरच्या बापाला त्या सभेची किंमत एका खाड्याने मोजावी लागते. मग 'पालकांना आस्था नाही' असा शेरा कोणत्या तोंडाने मारावयाचा? वर्गातही निश्चिती, विसावा आणि मान यांची तितकीच गरज आहे. वेळापत्रक पाळले जावे, खेळाचा तास खराच खेळाचा असावा, आणि चुकलेल्या मुलाचे म्हणणे आधी ऐकून घेतले जावे. महापालिकेने आणि मंडळांनी वस्तीवस्तीत अभ्यासिका चालवाव्यात. एका खोलीच्या घरातील मुलाला दुपारचे तीन तास बसावयास जागा मिळाली, तर मुलाचा अभ्यास होतो आणि त्याच वेळी बापाची झोपही होते.

एवढे केले म्हणजे प्रत्येक कंपनीला नफा होईल, असे आश्वासन आम्ही देत नाही. बाजार पडतो, यंत्रे जुनी होतात, चांगले चालविलेले कारखानेही कधी बुडतात. आमचे म्हणणे इतकेच की, माणसाला थकवून मिळविलेला नफा हा पुष्कळदा दुसऱ्याच्या वहीतून उचललेला असतो. घराच्या आणि शाळेच्या वहीत तो कर्ज म्हणून चढतो, आणि दहा वर्षांनी तेच मूल कामगार होऊन आले म्हणजे कारखान्यालाच तो फेडावा लागतो.

आज घरी गेल्यावर प्रत्येकाने एक लहानसा प्रयोग करावा. आपली कामाची वेळ, मुलाच्या शाळेची वेळ आणि घरातील सर्वांच्या झोपेची वेळ एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडावी. सर्वजण जागे आणि एकत्र असतील असा तास त्यात कोठे सापडतो ते पाहावे. तो सापडला तर जपावा. न सापडला तर तो कागद घेऊन आधी मुलाच्या शाळेत जावे, आणि मग चार सोबती मिळून कारखान्याच्या कचेरीत.