रोज तेच काम: कंटाळा कुणाचा, सोय कुणाची

दिवसभर एकच काम करणारा कामगार आतून कुढतच असणार, हे बाहेरून पाहणारे धरूनच चालतात. मानसशास्त्रज्ञ ह्यूगो म्यून्स्टरबर्ग यांच्या १९१३ सालच्या पुस्तकात विजेच्या सामानाच्या कारखान्यातली एक बाई भेटते. बल्ब पातळ कागदात गुंडाळायचे, दिवसाला सरासरी १३,०००, असं तिचं १२ वर्षं चाललेलं. तिने मात्र काम रंजक असल्याचं सांगितलं. पुढच्या सुट्टीपर्यंत किती खोकी भरतील याची चढाओढ ती स्वतःशीच लावायची.

त्याच १९१३ साली डेट्रॉइटजवळच्या फोर्डच्या कारखान्यात मोटारींची सरकती जुळणी सुरू झाली आणि माणसं टिकेनात. वर्षभरात काम सोडणाऱ्यांचं प्रमाण ३७० टक्क्यांवर गेलं. जानेवारी १९१४ मध्ये कंपनीने दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली. माणसं न टिकण्यात कामाच्या वेगाचाही वाटा होताच. पण एकसुरी काम सगळ्यांनाच जाचतं हेही खोटं आणि कुणालाच जाचत नाही हेही.

‘ठरावीक काम म्हणजे डोक्याला सुट्टी’ हा समज तर चाकण-भोसरीतला कुठलाही सीएनसी ऑपरेटर हसण्यावारी नेईल. जॉब लावायचा, क्लॅम्प करायचा, सायकल सुरू करायची, उतरवून गेजने तपासायचा: क्रम तोच. मात्र टूलची धार हळूहळू झिजते आणि माप सरकत जातं, तेही मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ते वेळीच ओळखून ऑफसेट, म्हणजे मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती, बदलला नाही, तर शिफ्टभराचा माल रिजेक्शनमध्ये. इथे नव्या कल्पनेपेक्षा न ढळणारं लक्ष लागतं, आणि ते सगळ्यांकडे नसतं. ज्यांना क्रम मोडलेला आवडत नाही, अशांच्या हाती तपासणी, पॅकिंग, स्टोअर किंवा जुळणीची लाइन निर्धास्त सोपवता येते.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज वेगळाच आहे: कारखाना म्हटला की काम ठरावीकच. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन मेंटेनन्सला लागलेल्या मुलाला विचारावं. कुठली मशीन कधी बंद पडेल, याचं वेळापत्रक नसतं. ब्रेकडाउन आला की जेवणाचा डबा तसाच राहतो. टूलरूममध्येही रोज नवं कोडं. शिस्तीचा दिवस हवा असणाऱ्याने कंपनीच्या नावाआधी विभाग विचारावा.

आणि शिफ्ट. काम तेच असलं तरी आठवड्याला फर्स्ट, सेकंड, नाइट अशी पाळी फिरत असेल, तर झोपेला कसली आलीय शिस्त? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१९ मध्ये रात्रपाळीला ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटातच कायम ठेवलं. जनरल शिफ्ट मिळत असेल, तर थोडा कमी पगारही परवडतो.

एकच हालचाल हजारदा केल्याने मनगट-खांदे धरतात, हेही खरं. जिथे दर दोन-तीन तासांनी जागा बदलून देतात, तिथे हा त्रास कमी होऊ शकतो. आणि अशी ठरलेली अदलाबदल शिस्तप्रिय माणसालाही चालते.

राहता राहिला ही कामं हिरावणारा रोबोट. वेल्डिंग-पेंटिंग त्याने बरंच उचललं, पण गाडीतल्या वायरिंगचे लवचिक जुडगे बांधणं अजून बहुतांशी हातानेच चालतं.