ब्रेक पॅड कधी बदलायचे? आवाजाची वाट पाहू नका

"ब्रेक वाजत नाहीत ना, मग पॅड ठीक आहेत." गाडी चालवणाऱ्यांच्या मनात घट्ट बसलेला हा समज सर्वांत धोक्याचा आहे, कारण त्यात अर्धं तथ्य आहे. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक बारीक पट्टी असते. पॅडचा झिजणारा थर दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती फिरत्या डिस्कला घासते आणि कर्कश चिरचिर सुरू होते. पण ही पट्टी सगळ्याच पॅडना नसते. असली तरी अनेकदा चाकातल्या दोन पॅडपैकी एकालाच असते, आणि झीज दुसऱ्याची झालेली असू शकते. शिवाय काचा बंद, एसी चालू, गाणी लावलेली असली की चिरचिर कानापर्यंत पोचतेच असं नाही. ब्रेक दाबल्यावर खरवडल्यासारखी घरघर येत असेल, तर बहुधा इशाऱ्याची वेळ टळलेली असते. थर संपून मागची लोखंडी प्लेट थेट डिस्कला लागते, डिस्कवर चरे पडतात आणि पॅडच्या खर्चात डिस्कच्या खर्चाचीही भर पडते.

प्रत्येक आवाज मात्र पॅड संपल्याचा नसतो. पावसाळ्यात रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो. सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकला खरखर येऊन ती थांबली, तर काळजीचं कारण नाही.

"इतके हजार किलोमीटर झाले की पॅड बदलायचे," असं काही जण ठामपणे सांगतात. तसा पक्का आकडा नाही. महामार्गावर एका लयीत धावणारी गाडी आणि सिग्नलमागून सिग्नल ओलांडत पुण्याच्या गर्दीत फिरणारी गाडी यांच्या झिजेत दुपटीचा फरक सहज पडतो. ऑटोमॅटिक गाडीत इंजिनाचा अटकाव कमी मिळत असेल, तर पॅड लवकर झिजतात. इलेक्ट्रिक गाडीत वेग कमी करण्याचं बरंचसं काम मोटारच करते, म्हणून तिथे ते जास्त टिकतात.

खरा निकष एकच आहे, उरलेली जाडी. नव्या पॅडचा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. तो तीनवर आला की बदलायची तयारी करावी. दोनच्या खाली गाडी चालवू नये. अलॉय व्हील असेल तर टॉर्च मारून आऱ्यांमधून बाहेरचा पॅड दिसतो. तिथेच अनेकांची फसगत होते. पॅडना डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून अडकल्या, की आतल्या बाजूचा पॅड डिस्कला टेकूनच राहतो आणि झपाट्याने झिजतो. बाहेरचा सहा मिलिमीटर दिसतो, आतला पत्र्यापर्यंत आलेला असतो. म्हणून सर्व्हिसिंगच्या वेळी चाक काढून दोन्ही पॅड पाहायला हवेत. "पॅड चांगले आहेत" एवढ्यावर समाधान मानू नका. किती मिलिमीटर उरलेत, ते विचारा.

डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावरही फार विसंबू नये. बहुतेक गाड्यांत तो हँडब्रेक ओढलेला असल्यास किंवा ब्रेक ऑइल कमी झाल्यास लागतो. पॅडची जाडी मोजणारा सेन्सर मोजक्याच गाड्यांत असतो. पॅड झिजतात तसा कॅलिपरचा पिस्टन पुढे सरकतो आणि टाकीतली ऑइलची पातळी हळूहळू उतरते. हे पाहून कुणी नुसतं ऑइल भरून दिलं, तर झिजेची एक खूण पुसली जाते. पातळी उतरली की आधी पॅड पाहावेत, गळती नाही ना तेही पाहावं.

एकाच चाकाचे पॅड बदलून पैसे वाचत नाहीत. पुढच्या दोन्ही चाकांचे चारही पॅड एकत्र बदलावेत, नाहीतर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढू शकते. बदलल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत चार-सहा वेळा दाबावं, कारण नवे पॅड बसवताना मागे ढकललेले पिस्टन अजून पॅडला टेकलेले नसतात. पहिल्याच दाबाला पेडल तळाशी जातं, हे गॅरेजच्या दारात समजलेलं बरं.

"पॅड नवे टाकलेत, आता घाटाची चिंता नाही," हाही समज सोडायला हवा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरताना ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी चालवली, तर ते उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडतं. पॅड नवे असले तरी काही उपयोग होत नाही. ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावं, आणि उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनालाच गाडी अडवू द्यावी.

येत्या सुट्टीत कोकणात उतरणार असाल, तर निघण्याच्या आठवडाभर आधी गाडी मेकॅनिककडे न्या, पुढची दोन्ही चाकं काढायला लावा आणि आतल्या पॅडची जाडी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.