जुना दिवाण

जुना दिवाण म्हणजे दिवसा बैठक व गरजेनुसार रात्री शय्या म्हणून वापरले जाणारे, किमान एका पिढीच्या वापरातून आलेले लाकडी आसन होय. तो पलंगापेक्षा अरुंद असून बहुधा भिंतीलगत मांडला जातो. त्यावर गादी, लोड व तक्के ठेवतात. वाड्यांच्या विक्रीतून आणि जुन्या सामानाच्या बाजारातून असे दिवाण आजच्या घरांत येतात. त्यांची निवड करताना लाकूड, वय, मजबुती, माप आणि कायदा या पाच बाबी पाहाव्या लागतात.

नाव व प्रकार

'दिवाण' हा शब्द फारसीतून आला. दफ्तर, दरबार व दरबारातील अधिकारी असे त्याचे अर्थ आहेत. दरबारात भिंतीलगत असणाऱ्या गादीच्या बैठकीवरून तो पुढे आसनासाठी रूढ झाला. प्राचीन ग्रीस व रोममध्येही जेवण्यासाठी आणि विश्रांतीसाठी अशी लांबट आसने वापरीत. महाराष्ट्रात दिवाणाच्या जोडीने बाज, खाट, पलंग आणि वऱ्हाडात बंगई म्हटला जाणारा झोपाळा ही विश्रांतीची साधने प्रचलित आहेत. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवी लाकडाचे भरगच्च कोरीवकाम केलेले सामान तयार होत असे. गुजरातमधील संखेडा येथील कातीव पायांचे व लाखकामाचे सामानही प्रसिद्ध आहे.

शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला पुरातन म्हणण्याचा संकेत आहे. त्याहून अलीकडच्या, परंतु विशिष्ट काळाची शैली दाखवणाऱ्या वस्तूंना व्यापारी 'व्हिंटेज' म्हणतात. या दुसऱ्या शब्दाला निश्चित कायदेशीर व्याख्या नाही. त्यामुळे केवळ या शब्दावरून वाढीव किंमत ग्राह्य धरता येत नाही.

अचलपूर परिसर

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले अचलपूर पूर्वी एलिचपूर म्हणून ओळखले जाई. ते १४९० ते १५७४ या काळातील इमादशाहीची राजधानी होते. पुढे निजामाच्या अमलात ते वऱ्हाडातील महत्त्वाचे ठाणे बनले. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार ब्रिटिशांकडे गेला. शेजारच्या परतवाड्यात लष्करी छावणी होती. उत्तरेला मेळघाटचे सागवनाचे जंगल आणि दक्षिणेला कापसाचे सपाट प्रदेश अशी या भागाची रचना आहे. दिवाणाची चौकट सागाची आणि गादी कापसाची, म्हणजे त्याची दोन्ही मुख्य द्रव्ये याच परिसरात मिळतात. वाडा मोडताना खांब, तुळया व दारे यांबरोबर असे सामानही विकले जाते. ते निव्वळ लाकूड म्हणून विकले गेल्यास त्यावरील कारागिरी कायमची नष्ट होते.

लाकडाची ओळख

सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेलकट द्रव्ये असल्याने वाळवीला तो सहसा दाद देत नाही. मात्र त्याचा बाहेरचा फिकट भाग किडीला बळी पडतो. शिसव सागाहून जड, गडद व जांभळट छटेचा असतो. बाभूळ कठीण व वजनदार असते, तर आंब्याच्या लाकडाला कीड लवकर लागते. गडद पॉलिश चढवून साधे लाकूड शिसवी म्हणून विकले जाऊ शकते. म्हणून खालच्या, पॉलिश न लागलेल्या बाजूचा रंग व रेषा पाहणे आवश्यक असते.

वय ठरविण्याच्या खुणा

वय ठरवताना पुढच्या भागापेक्षा मागची व खालची बाजू अधिक उपयोगी पडते. हातकरवतीच्या खुणा सरळ परंतु असमान असतात, तर यंत्रातील गोल करवतीच्या खुणा कमानदार दिसतात. जुन्या सांध्यांत एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून लाकडी खुंटी मारलेली आढळते. अधिक चिन्हाची खाच असलेले स्क्रू १९३० च्या दशकात प्रचारात आले. त्यामुळे मूळ सांध्यात असे स्क्रू असल्यास वस्तू त्याआधीची नसते. दुरुस्तीत ते नंतर बसवलेले असू शकतात, हेही ध्यानात घ्यावे लागते. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने आकसते. म्हणून जुने कातीव पाय काळानुसार किंचित लंबगोल होतात, हे मोजपट्टीने तपासता येते. खरी झीज हात व पाय लागतात तेथेच असते. सर्वत्र सारखी झीज असल्यास ती मुद्दाम केलेली असण्याची शक्यता असते.

दोषांची तपासणी

दिवाण कोपऱ्यांतून हलवल्यास सांधे सैल असल्याचे कळते. बारीक गोल छिद्रे जुन्या किडीचीही असू शकतात. छिद्रांखाली ताजी, फिकट भुकटी पडत असेल, तर कीड जिवंत असल्याचे समजावे. दिवाण झाडून त्याखाली काळा कागद काही आठवडे ठेवल्यास ही बाब निश्चित होते. सांधे व नवारीच्या घड्या यांत ढेकूण लपतात. वऱ्हाडात बाज उन्हात टाकण्याची रीत आहे. मात्र जाड लाकडाच्या आतील सांधे पुरेसे तापत नाहीत व ढेकूण सावलीच्या बाजूस सरकतात. त्यामुळे नवार काढून कढत पाण्यात धुणे व सांधे स्वतंत्रपणे स्वच्छ करणे आवश्यक ठरते.

जुन्या रंगात शिसे असू शकते. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी ठरवणारे नियम २०१७ मध्ये लागू झाले. त्याआधीचा रंग कोरडा घासल्यास विषारी धूळ उडते व ती लहान मुलांना विशेष अपायकारक असते.

माप व जतन

बसण्यासाठी गादीसह ४० ते ४५ सेंटीमीटर उंची सोयीची असते. झोपण्यासाठी सुमारे १८० ते १९० सेंटीमीटर लांबी व ७५ ते ९० सेंटीमीटर रुंदी पुरते. जुन्या दिवाणाचे माप आजच्या तयार गादीशी जुळेलच असे नाही. पिंजाऱ्याकडून कापसाची गादी भरून घेतल्यास ही अडचण राहत नाही. दिवाण न सुटणारा असल्यास दार व जिना यांची रुंदी आधी मोजावी लागते.

वऱ्हाडात उन्हाळा अतिशय कोरडा व पावसाळा दमट असतो, त्यामुळे लाकूड आकसते आणि फुगते. थेट ऊन व वातानुकूलन यंत्राचा झोत टाळल्यास तडे कमी जातात. सैल सांधे खिळे ठोकून नव्हे, तर उकलून पुन्हा चिकटवून दुरुस्त करतात. खिळ्याने लाकूड फाटते. जुने पॉलिश पूर्ण खरवडल्यास वयाची खूण व मोल दोन्ही घटतात. म्हणून स्वच्छता, जवसाच्या तेलाचा पातळ हात किंवा चपड्याचे पॉलिश इतकेच उपचार पुरेसे मानले जातात. जवसाच्या तेलाची चिंधी गोळा करून ठेवल्यास आपोआप पेटू शकते. ती पसरून वाळवणे सुरक्षित असते.

कायदेशीर बाजू

पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तू पुरावशेष ठरू शकतात. त्यांच्या विक्रीच्या व्यवसायास परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीस त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबाला आजोबांचा दिवाण न्यायचा असल्यास तो पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावे लागते. शिसवासह त्या वर्गातील सर्व वृक्षांच्या लाकडाचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१७ पासून 'साइट्स' करारानुसार नियंत्रित आहे. देशातल्या देशात खरेदी करतानाही लाकूड, अंदाजे वय व केलेली दुरुस्ती नमूद असलेली पावती घेतल्यास फसवणुकीस आळा बसतो.

हेही पाहा

अचलपूर
मेळघाट
साग
बाज